बीएस्सी-बीए झालंय आणि अकाउंट्समध्ये शिरायचंय? अनुभव नसताना पहिली नोकरी कशी मिळवायची

मी बीएस्सी केमिस्ट्री. कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये तीन वर्षं काम केलं. २०१८ साली ते सोडून पुण्यात एका सीए ऑफिसात अकाउंट्स असिस्टंट म्हणून लागले. लॅबमध्ये चौदा हजार मिळायचे, इथे नऊ हजारांवर सुरुवात झाली. आज एका कारखान्याचं अकाउंट्स खातं सांभाळते. नातेवाइकांतली, गावाकडची मुलंमुली फोन करतात: "ताई, कॉमर्स नाही केलं, अनुभव नाही, तरी फायनान्समध्ये जाता येईल का?" जाता येतं. पण मी चाचपडत गेले, त्यात दीड वर्ष गेलं आणि पैसेही गेले. तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

१. आधी दार ठरवा

"फायनान्स" नावाची एक नोकरी नसते. कॉमर्स नसलेल्या पदवीधराला चार दारं खरोखर उघडी आहेत.

पहिलं बँकेचं. आयबीपीएस ही सरकारी बँकांच्या भरतीच्या परीक्षा घेणारी संस्था. तिच्या क्लार्क आणि पीओ (अधिकारी) परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. क्लार्कसाठी वय २० ते २८, पीओसाठी २० ते ३०, आणि राखीव प्रवर्गांना सवलत. सरकारी बँका पदवीधरांना वर्षभराची अप्रेंटिसशिपही देतात. तिथे स्थानिक भाषा यावी लागते, म्हणजे महाराष्ट्रातल्या जागांसाठी तुमची मराठी कामाला येते. दुसरं दार म्युच्युअल फंड आणि विमा वितरणाचं. तिसरं खराडी, हिंजवडी, ऐरोलीकडच्या मोठ्या कंपन्यांच्या बॅक ऑफिसचं: शेअर व्यवहारांची सेटलमेंट, केवायसी तपासणी, फंडांचे हिशेब. तिथे इंग्रजी बोलणं आणि एक्सेल पाहतात.

चौथं दार अकाउंट्सचं. मी त्यातूनच आले आणि पुढचं सगळं त्याबद्दलच आहे, कारण छोट्या गावातून येणाऱ्या, ओळखीपाळखी नसलेल्या माणसासाठी हे दार सगळ्यात रुंद आहे असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक व्यापाऱ्याला, कारखान्याला, पतसंस्थेला हिशेब लिहायला माणूस लागतो, आणि नीट लिहिणारा माणूस सहजी मिळत नाही.

२. पाया घालायला पैसे लागत नाहीत

क्लासला जाण्याआधी बालभारतीचं अकरावीचं पुस्तपालनाचं पुस्तक काढा. ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते, मराठी माध्यमाचीही. छापील हवं असेल तर अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक मिळतं. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद ही चार प्रकरणं हाताने, पेनाने सोडवा. मला दोन महिने लागले, रोज संध्याकाळी तास-दीड तास.

एका गोष्टीवर सगळेच नवखे अडतात, म्हणून इथेच सांगते. बँकेत पैसे भरले की स्टेटमेंटवर ते "क्रेडिट" दिसतात. पण आपल्या वहीत तीच रक्कम बँक खात्याच्या नावे, म्हणजे डेबिट बाजूला पडते. मी आठवडाभर समजत होते की पुस्तकात चूक आहे. चूक नाही. स्टेटमेंट ही बँकेची वही आहे. तुमचे पैसे बँकेकडे आले म्हणजे बँक तुमचं देणं लागते, म्हणून तिच्या वहीत तुम्ही जमेच्या बाजूला. तुमच्या वहीत बँकेकडे तुमचं येणं आहे, म्हणून नावे. वही कोणाची, हे आधी विचारायचं. एवढं डोक्यात बसलं की अर्धं पुस्तपालन आलं.

३. टॅली आणि एक्सेल

टॅलीप्राइम घरी शिकता येतं. एज्युकेशनल मोड फुकट आहे. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना एंट्री पडते, पण सरावाला तेवढं पुरतं. एफ४ काँट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस: या सहा बटणांवर बोटं बसली पाहिजेत. मुलाखतीत कॉम्प्युटरसमोर बसवतात तेव्हा माउस शोधणारा लगेच ओळखू येतो.

एक्सेलमध्ये सम-इफ्स, व्ही-लुकअप किंवा एक्स-लुकअप, पिव्हट टेबल, फिल्टर आणि ट्रिम. बस. मॅक्रो वगैरेच्या मागे आत्ता लागू नका. एक्सेल नसेल तर गूगल शीट्सवर शिका, सूत्रं बहुतेक तीच आहेत.

इथे एक सावधगिरी. युट्यूबवरचे जुने व्हिडिओ आणि सिनियरच्या जुन्या नोट्स जपून वापरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले आणि मुख्य दर ५ आणि १८ राहिले. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू आहे: कलमांचे क्रमांक बदलले, आणि "असेसमेंट इयर"च्या जागी "टॅक्स इयर" आलं. जुनी कलमं पाठ करून मुलाखतीला गेलात तर अभ्यास करूनही कच्चे दिसाल.

४. अनुभव कोणी देत नसेल तर तो तयार करा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि लोक हाच गाळतात.

माझ्या मामांचं दौंडला हार्डवेअरचं दुकान आहे. खरेदीची बिलं एका तारेत ओवलेली, उधारीची लाल वही, क्यूआर कोडवर आलेले पैसे थेट खात्यात, आणि महिन्याअखेरीस सगळी पिशवी कर सल्लागाराकडे. मी मामांना म्हटलं, तीन महिन्यांची बिलं मला द्या, मी टॅलीत उतरवते, सल्लागाराचं काम चालू राहू दे. रविवारी जाऊन बसायचे. तारेतून बिल काढायचं, एंट्री मारायची, बिलावर पेन्सिलीने नंबर टाकायचा, पुन्हा त्याच क्रमाने तारेत. बिलाचा क्रम मोडला असता तर मामांनी दुसऱ्या रविवारी दारात उभं केलं नसतं.

एंट्री मारणं सोपं आहे. शिकवतो तो रेको, म्हणजे बँकेचा मेळ. एक नमुना देते, स्वतः कागदावर मांडून बघा. ३१ तारखेला टॅलीत बँक शिल्लक ८४,३०० रुपये दिसते. स्टेटमेंटवर ७१,८५०. फरक १२,४५० चा. नवखा माणूस १२,४५० ची एक एंट्री शोधत बसतो. तशी एंट्री नसतेच, चार वेगवेगळ्या गोष्टी असतात:

- एका गिऱ्हाइकाचा १५,००० चा चेक भरला, वहीत धरला, पण अजून वटला नाही. वहीच्या शिलकेतून वजा करा: ६९,३००.
- एका पार्टीला ९,००० चा चेक दिला, तिने बँकेत टाकलाच नाही. मिळवा: ७८,३००.
- बँकेने ४५० रुपये शुल्क कापलं, वहीत लिहिलेलं नाही. वजा: ७७,८५०.
- विजेचं बिल ६,००० ऑनलाइन भरलं आणि लिहायचं राहिलं. वजा: ७१,८५०.

जुळलं. आता यातल्या पहिल्या दोन गोष्टींची नवी एंट्री करायची नसते, त्या आपोआप सुटतील. शेवटच्या दोन मात्र टॅलीत टाकायलाच हव्यात. हा भेद ज्याला कळला त्याला ऑफिसात पहिल्या दिवसापासून काम देता येतं.

दुसरं काम: टूबी मॅच करणं. पुरवठादार त्याची विक्री जीएसटीआर-१ मध्ये दाखवतो, ती दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे टूबीत, दिसते. मामांनी एक लाखाचा माल १८ टक्क्यांनी घेतला तर १८,००० चं क्रेडिट मिळायला हवं, म्हणजे तेवढी रक्कम त्यांच्या भरायच्या जीएसटीतून वजा व्हायला हवी. पुरवठादाराने बिल दाखवलंच नाही तर ते क्रेडिट अडकतं आणि तेवढे रुपये खिशातून भरावे लागतात. म्हणून खरेदीची यादी आणि टूबी एक्सेलमध्ये शेजारी ठेवून जुळवायची. माझ्या वेळी टूबी नव्हती, तिच्या जागी टूए होती. मी आधी बिल नंबरवरून लुकअप लावला आणि निम्मी बिलं जुळेनात. कारण मामांच्या बिलावर "०१७", पोर्टलवर नुसतं "१७", कुठे मधे तिरकी रेघ, कुठे शेवटी एक मोकळी जागा. आधी जीएसटी नंबर आणि रक्कम यांवरून जुळवा, मग बिल नंबर डोळ्यांनी तपासा.

जीएसटी नंबर वाचायलाही शिका. पंधरा अक्षरं असतात: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या पार्टीचा पॅन. २७ ने सुरू होणाऱ्या पार्टीकडून पुण्यातच घेतलेल्या मालावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) दिसला तर थांबून विचारा. पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर टाकून पार्टीचं नाव तपासता येतं. मी एकदा दोन सारख्या नावांच्या पार्ट्यांचे नंबर उलटसुलट टाकले होते आणि ते निस्तरायला दोन रविवार गेले, तेव्हापासून नवी पार्टी उघडताना नंबर तपासल्याशिवाय सेव्ह करत नाही.

मामा नसतील तर किराणा दुकान, गल्लीतलं मेडिकल, सोसायटी, गणेश मंडळ, महिला बचत गट यांपैकी कोणाचा तरी हिशेब असतोच. मंडळाच्या वर्गणीचा आणि खर्चाचा चोख ताळेबंद हासुद्धा अनुभवच. मात्र कोणाचाही पासवर्ड किंवा ओटीपी मागू नका. फाइल मालकाकडून किंवा त्यांच्या सल्लागाराकडून घ्या. आणि मुलाखतीत नमुना दाखवणार असाल तर पार्ट्यांची नावं आणि नंबर खोडून दाखवा. दुसऱ्याचा हिशेब उघडा टाकणाऱ्याला कोणी स्वतःचा हिशेब देत नाही.

५. अर्ज कुठे आणि कसा

जॉब पोर्टलवर "अनुभव २ वर्षं" वाचून खचू नका. पहिली नोकरी पोर्टलवर क्वचित मिळते. पुण्यात सदाशिव पेठ, टिळक रोड भागात, आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी, चार-पाच माणसांची सीए ऑफिसं असतात. तिथे बायोडेटा हातात घेऊन जा. सीएपेक्षा तिथल्या सिनियर अकाउंटंटशी आधी बोला, जागा कधी होणार हे त्यांना ठाऊक असतं. महिन्याच्या २० तारखेच्या आसपास, जुलैअखेर आणि सप्टेंबरमध्ये जाऊ नका, तेव्हा कोणाला मान वर करायला वेळ नसतो. मी तेवीस ऑफिसांत गेले. एकोणीस ठिकाणी "कळवू" म्हणाले. एका ठिकाणी मामांच्या दुकानाचा रेको काढून टेबलावर ठेवला, सरांनी चष्मा चढवून तो वाचला आणि "सोमवारपासून या" म्हणाले.

बायोडेटा एका पानाचा. वरच "काय येतं" लिहा: टॅलीत खरेदी-विक्री एंट्री, बँक रेको, टूबी मॅच, एक्सेल. खाली दुकानाचं काम, किती महिने, साधारण किती बिलं. मागचं असंबंधित काम लपवू नका. त्यातून काय उपयोगी आहे ते काढा. लॅबमध्ये चुकलेलं रीडिंग खोडून काढायची परवानगी नव्हती: एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. ऑडिटला नेमकी हीच सवय लागते. मेडिकलच्या काउंटरवर उभा राहिलेला मुलगा बॅच नंबर आणि स्टॉक जाणतो, कॉल सेंटरमधली मुलगी थकबाकीसाठी फोन करायला घाबरत नाही. हे शब्दांत लिहा.

६. कागदपत्रं

एका फाइलमध्ये मूळ आणि दुसरीत झेरॉक्स:

- दहावी, बारावी, पदवीची गुणपत्रकं आणि पदवी प्रमाणपत्र
- आधार, पॅन
- बँक पासबुकाची झेरॉक्स किंवा रद्द केलेला चेक
- आधीच्या नोकरीचं अनुभवपत्र, रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन पगारपावत्या
- पीएफचा यूएएन नंबर, आधी नोकरी केली असेल तर
- चार फोटो

नावाची भानगड आधीच सोडवा. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव पहिलं, आधारवर नाव पहिलं, पॅनवर वडिलांचं नाव गायब, आणि लग्नानंतर आडनाव बदललेलं. नोकरी लागते, पण पीएफची केवायसी नाव जुळेना म्हणून अडते. आधार आणि पॅन एकसारखे करून घ्या. आणि जुना यूएएन असेल तर तोच द्या, "नवा काढा" म्हणू नका. दोन यूएएन झाले की जुने पैसे हलवायला हेलपाटे पडतात.

७. मुलाखत

लहान ऑफिसांत प्रश्न साधे आणि थेट असतात. उधारीवर मशीन घेतलं, एंट्री सांगा. (मशीन खातं नावे, पुरवठादार जमा. खरेदी खात्यात टाकलंत तर तिथेच संपलं.) माल परत आला, डेबिट नोट कोण काढतो आणि क्रेडिट नोट कोण? आगाऊ दिलेलं भाडं ताळेबंदात कुठे? घसारा म्हणजे काय? येत नसेल तर "हे अजून केलेलं नाही, बघून सांगते" म्हणा. आकड्यांच्या कामात ठोकून देणारा माणूस धोक्याचा असतो, हे समोरच्याला पक्कं माहीत असतं.

"क्षेत्र का बदललं?" हा प्रश्न येणारच. आधीच्या कंपनीची निंदा करू नका. "फायनान्सला स्कोप आहे" हे वाक्यही नको, ते रोज दहा जण म्हणतात. तुम्ही काय करून पाहिलं आणि त्यातलं काय आवडलं ते सांगा.

८. इथे पैसे बुडतात

नोकरी लावून देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीला एक रुपया देऊ नका. मी साडेचार हजार दिले होते, "रजिस्ट्रेशन आणि फाइल चार्ज" म्हणून. आठ दिवसांनी फोन लागेना. त्या वेळी लॅबचा पगार चौदा हजार होता, घरी सांगायला तीन महिने लागले. आजही ती गोष्ट आठवली की कळ येते, म्हणून इतकं बजावून सांगते.

"इन्व्हेस्टमेंट बँकिंग, शंभर टक्के प्लेसमेंट" असे पन्नास हजार ते लाखाचे कोर्स असतात. त्यांतून मिळणारी नोकरी बहुधा बॅक ऑफिसची असते. ती वाईट नाही, पण नाव एक आणि काम दुसरं. फी भरण्याआधी मागच्या बॅचच्या तीन मुलांशी स्वतः बोला, संस्थेने समोर बसवलेल्या नव्हे.

"फायनान्स एक्झिक्युटिव्ह" म्हणून बोलावतात आणि पहिल्याच दिवशी नातेवाइकांची यादी मागतात. ती विमा विक्रीची, टार्गेटवरची नोकरी असते. विक्री आवडत असेल तर जरूर करा, पण ठरवून करा. मूळ गुणपत्रकं ठेवून घेणारं किंवा कोरा सही केलेला चेक मागणारं ऑफिस दिसलं तर तिथून उठा.

९. पुढची शिडी

नोकरी लागल्यावर वर्षभराने एक परीक्षा धरा. सहकारी संस्थांकडे ओढा असेल तर जीडीसी अँड ए. सहकार खात्याची ही परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, मराठीतून देता येते आणि साधारण मे महिन्यात होते. पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्थांत तिला मान आहे. पदवीला ६० टक्के असतील तर बिगर-कॉमर्सवालाही फाउंडेशन ही सीएची पहिली परीक्षा न देता थेट सीए इंटरमीडिएटला बसू शकतो. म्युच्युअल फंडाकडे वळायचं तर एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची पाच-ए परीक्षा: १०० प्रश्न, दोन तास, ५० गुणांना पास, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. सगळं एकदम धरू नका.

१०. पहिले तीन महिने

शंभर पानी वही घ्या. ज्या एंट्रीवर अडलात ती, आणि सिनियरने काय सांगितलं ते, तारखेसकट लिहा. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारण्याआधी वही उघडा. नवा प्रश्न मात्र लगेच विचारा, महिनाअखेरीपर्यंत साठवू नका. न कळलेली रक्कम "सस्पेन्स" खात्यात ढकलून द्यायचा मोह होईल. ढकललीत तर वहीत लिहून ठेवा, आणि महिना संपण्याआधी ती काढा.

वहीच्या पहिल्या पानावर तारखा: ७ टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) भरणे. ११ जीएसटीआर-१. १४ टूबी येते. १५ पीएफ आणि ईएसआय. २० थ्रीबी, म्हणजे जीएसटीआर-३बी, महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न. तिमाही रिटर्न भरणाऱ्या क्लायंटच्या तारखा वेगळ्या, त्या सिनियरकडून त्याच पानावर लिहून घ्या. मार्चमध्ये कापलेला टीडीएस भरायला मात्र ३० एप्रिलपर्यंत मुदत असते, ती लाल शाईने लिहा. पहिल्या वर्षी मी मार्चचा टीडीएस ७ एप्रिलला भरायचा म्हणून रात्री साडेनऊपर्यंत बसले होते.